आर्डिसबाईचा मंगळवारचा पाऊस

नागपूरच्या विहारातल्या बाया फोनवर मले एकच विचारतात, "रत्नाबाई, तिकडं तुमाले बोलाले कोणी भेटते का?" मी म्हणते, भेटते ना, शेजारीण आहे. मग विचारतात, कशी आहे? आता कशी आहे हे फोनवर दोन शब्दांत कसं सांगू? म्हणून नातीले बसवलं. हर्षिता पंधरा वर्षांची आहे, माझ्या पोरानं, राकेशनं, घरी शिकवली म्हणून तिले मराठी लिहिता येते. म्हटलं, पोरी, मी सांगते तसं लिही अन् पाठवून दे. तिकडं कोणीतरी सगळ्याईले वाचून दाखवते.

तर शेजारणीचं नाव आर्डिस. मी आर्डिसबाई म्हणते. वय त्र्याऐंशी. उंच, वाळकी, केस पोरासारखे बारीक कापलेले. अंगात नवऱ्याचे जुने चौकड्याचे शर्ट घालते. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, शर्ट अजून पुरतात. आधी ते दोघं गावाबाहेर वावरात राहत, गहू पेरत, सूर्यफूल पेरत. आता ती गावात एकटी राहते, आमच्या घराले लागून. मधी कुंपण नाही. इकडं कुंपण कोणी घालतच नाही, नुसतं गवत. आपलं कुठं संपलं अन् त्याईचं कुठं लागलं, ते गवत कापणाऱ्याले मालूम.

हे गाव नॉर्थ डकोटात आहे, फार्गोहून मोटारीनं पाऊण तास. राकेश वावरातल्या मशिनीच्या कारखान्यात इंजिनियर आहे, सून सुवर्णा दवाखान्याच्या ऑफिसात जाते. जमीन अशी सपाट की पाऊस कुठून निघाला ते दारात बसून दिसते. तिकडं काळा पडदा लोंबते अन् आपल्या अंगणात ऊन असते. मग म्हणावं, येते का जाते? कधी येते, कधी बाजूनं निघून जाते.

मी जून महिन्यात आली तेव्हा आर्डिसबाईनंच मले तिच्या पडवीच्या बाजूले जागा दिली. मी हातानं दाखवलं, पेरते, उगवते, खाते. तिनं लगेच खुरपं आणून दिलं. तिथं मी सांबार पेरला. पुण्यामुंबईवाले कोथिंबीर म्हणतात, तोच. पडवीचं छत वर असल्यानं तिथं पावसाचं पाणी पोचत नाही, हातानं घालावं लागते. म्हणून रोज सकाळी पाचला उठून मी गडवा घेऊन तिच्या अंगणात जात होती. गडवा म्हणजे तांब्या, माझा, नागपूरहून आणलेला. पाणी मी त्यातूनच पिते. राकेशले इंजिनियरिंगले नंबर लागला त्या दिवशी त्याच्या बाबानं घाईघाईत तो ओट्यावरून पाडला, तेव्हापासून त्याच्या पोटाले एक पोचा आहे. फेकून द्या म्हणे सारे. मी नाही फेकला.

सकाळी आर्डिसबाई खिडकीतून दिसली की मी म्हणे, "जयभीम." तिले वाटलं इकडच्यासारखं गुड मॉर्निंग असन. चार दिवसांनी तीच हात वर करून म्हणे, "जेबीम!" हर्षितानं तिले अर्थ सांगितला, तर म्हणे, मग तर रोज म्हणीन.

अन् रोज सकाळी सात वाजता ती एक वही घेऊन अंगणात येई. मधोमध एका खांबाले काचेसारखी एक नळी लावलेली आहे, तिच्यापाशी वाके, डोळे बारीक करे, वहीत लिही, नळी उलटी करे, निघून जाई. मी आमच्या स्वयंपाकघरातून पाही. मले वाटलं पाखराईले पाणी ठेवते. कारण की पडवीले तिनं लाल बाटली टांगली आहे, त्यात साखरेचं पाणी, अंगठ्याएवढी पाखरं येऊन पितात. तर हीपण तशीच, असं मी समजली. विचारलं नाही कोणाले. तिथंच चुकलं.

आता तो आठवडा ऐका.

रविवारी अशी गरमी की नागपूरचा मे आठवला. वारा पण गरम, भट्टीवरून आल्यासारखा. सोमवारीही तसंच. सांजच्याला जेवणं झाली, उजेड होता अजून, इकडं साडेनवापर्यंत उजेड राहते. पश्चिमेकडून निळंकाळं काहीतरी उठलं अन् धावत आलं. अगं माय, काय तो पाऊस! झाडं जमिनीले टेकली. वीज थांबे म्हणून ना. एका तासात सगळं धुऊन तो पुढच्या गावाले गेला.

मंगळवारी सकाळी उठली तर हवा गार, आभाळ स्वच्छ. अन् अंगणभर पाणीच पाणी साचलेलं. हर्षिताच्या सायकलीच्या टोपलीतल्या डब्यात, बादलीत, कुंड्यांखालच्या ताटल्यात, गवत कापायच्या मशिनीवरच्या कापडात.

मंगळवार आपला कोरडा दिवस. तिकडच्या बायाईले सांगायची गरज नाही, पण हर्षिताले सांगावं लागलं. आठवड्यातून एक दिवस घरातली, छतावरची सगळी भांडी, कूलर, टाक्या रिकाम्या करायच्या, घासायच्या, कोरड्या ठेवायच्या, म्हणजे डासाची अंडी मरतात. महानगरपालिकेवाल्या पोरी घरोघर सांगत फिरतात अन् लोक हो हो म्हणून दार लावतात. मीपण लावत होती. मग आमचे हे, दादाराव, डेंगूनं गेले. सहा दिवसांत. ते गेल्यावर पालिकेची पोरगी छतावर चढली, तर तिथं फुटक्या बादलीत वळवळ. आमच्याच छतावर. माझीच बादली, मीच ठेवली होती वर, कामी पडन म्हणून. अकरा वर्षं झाली. त्यानंतर माझा एक मंगळवार चुकला नाही. नागपुरात नाही अन् अमेरिकेतही नाही.

तर मी आमचं अंगण कोरडं केलं. मग पहिल्यांदाच आर्डिसबाईचं. ती म्हातारी, वाकता येत नाही तिले, म्हटलं आपणच करून टाकू. तिच्या ताटल्या उलट्या केल्या. अन् त्या नळीत पाहते तर काठोकाठ पाणी! नळी एका मोठ्या नळकांड्यात उभी, त्यातही सांडलेलं पाणी. वरचं नरसाळ्यासारखं झाकण काढलं. पाणी असं स्वच्छ, की फेकाले जीव नाही झाला. मी पाणी फेकत नाही. गडवा हातात होताच. नळीतलं अन् नळकांड्यातलं सगळं त्यात ओतलं. गडव्यात पाहिलं. पाणी बरोबर पोच्याच्या खालच्या काठापाशी आलं होतं, केस जाईल इतकीच फट. सगळं सांबाराले घातलं. नळी पदरानं आतून पुसून कोरडी केली, होती तशी लावली. मनात म्हटलं, खुश होईन बाई.

सात वाजता ती वही घेऊन आली. मी खिडकीतून "जयभीम" केलं. तिनं हात वर केला अन् वाकली. तशीच वाकलेली राहिली. मग नळी काढून उन्हात धरली, उलटी केली. खाली गवत पाहिलं. आभाळाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

मी हसत हसत बाहेर गेली. हातानं दाखवलं, मी केलं, मी! ओतलं, पुसलं. सांबारपण दाखवला.

ती एवढंच म्हणाली, "उफ्दा." इकडं जुनी माणसं म्हणतात असं, आपण अगं बाई म्हणतो तसं.  वही बंद केली अन् पडवीच्या पायरीवर बसली.

मी धावत जाऊन हर्षिताले उठवलं. पोरगी डोळे चोळत आली, तिच्याशी बोलली अन् माझ्याकडं वळून म्हणे, "आजी, व्हॉट डिड यू डू! ते पाऊस मोजायचं आहे. रेन गेज. त्या रोज सात वाजता मोजतात अन् हवामानाच्या ऑफिसला पाठवतात."

"रोज?"

"रोज. थर्टी सेव्हन इयर्स. सदतीस वर्षं, आजी. एक दिवस पण मिस नाही."

मी तिथंच गवतावर बसली. पाय ओले झाले तरी उठली नाही.

"मग आजचं काय लिहीन ती?"

हर्षितानं विचारलं. आर्डिसबाई शांतपणे म्हणाली, अन् हर्षितानं मले सांगितलं, "शून्य नाही लिहिता येत. पाऊस पडला आहे. किती पडला ते माहीत नाही. म्हणून जागा रिकामी राहणार."

"सदतीस वर्षांत पहिली?"

"हो, आजी."

बाई मले रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. उलट माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाली, पाऊसच आहे तो, दुसरं काय. पण ती कोरडी नळी हातातून खाली ठेवली नाही तिनं.

सांजच्याला राकेश आला तर हर्षितानं त्याले सगळं सांगितलं. तो डोक्याले हात लावून बसला.

"आई, दुसऱ्याच्या अंगणात हात कायले लावायचा? इथं लोक परमिशन घेतात."

"बाबा, आजीला कुठं माहीत होतं," हर्षिता म्हणे.

"तू थांब. आई, मी सॉरी म्हणून येतो, केक घेऊन जातो."

म्हटलं, "मी केलं, तू कायले सॉरी म्हणतो? अन् ते गडव्यातलं पाणी मले मालूम आहे किती होतं. पोच्यापर्यंत. तेवढं पुन्हा भरून त्या नळीत ओतलं तर?"

हर्षिता उडालीच. "ओह माय गॉड, आजी, दॅट वर्क्स!" तशीच धावत गेली शेजारी. दहा मिनिटांनी हळूहळू परत आली. "त्या म्हणाल्या, थँक यू, पण अंदाज म्हणजे मोजणं नाही. ज्यात मोजायचं त्यात मोजलं नाही, तर लिहायचं नाही."

मले राग नाही आला. खरं सांगते, बरं वाटलं. अठ्ठावीस वर्षं मी पोरींच्या वसतिगृहात स्वयंपाक केला. साठ पोरी. वजनकाटा नव्हता आमच्याकडं, डाळ, तांदूळ, तिखट, पाणी, सगळं भांड्यानं अन् डोळ्यानं. अन् एखादी नवीन बाई "असनच एवढं" म्हणून ओते ना, तिचा मले भल्ला राग येई. ही बाई "असनच एवढं" वाली नव्हती.

बुधवारी सूर्य लाल उगवला, कुंकवासारखा. हवेत जळल्याचा वास. मले वाटलं कोणाचं घर पेटलं. सुवर्णा म्हणे, कॅनडात जंगल पेटलं आहे, त्याचा धूर इतक्या दूर येते. खिडक्या लावा, बाहेर जाऊ नका. मी घरातच होती, तर मनात तेच ते. मग उठली, सांबार कापला, चार जुड्या निघाल्या, अन् सांबारवड्या केल्या. आतमधी सांबार, खोबरं, तीळ, खसखस, वरून बेसनाची पारी, तेलात खमंग. तोंडाले ओढणी बांधून डबा घेऊन गेली. हर्षिता सोबत.

आर्डिसबाईनं एक खाल्ली. डोळ्यात पाणी आलं, तिखटानं. नाक पुसलं. दुसरी खाल्ली. विचारलं, यात हिरवं काय आहे?

हर्षिता म्हणे, "तुमच्या पडवीजवळचंच आहे, जे आजीनं..." अन् मधीच थांबली.

आर्डिसबाई वडीकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझा मंगळवारचा पाऊस इथं आहे तर." अन् हसली! मोठ्यानं. "सदतीस वर्षं मोजला, पण चाखला आजच." हर्षितानं सांगितल्यावर मीपण हसली. हसता हसता रडली. मग मी तिले दादारावचं सांगितलं. बादलीचं पण. हे मी कोणाले सांगत नाही, राकेशलेही पूर्ण मालूम नव्हतं. हर्षिता सांगता सांगता दोनदा अडखळली. आर्डिसबाईनं डबा बाजूले ठेवला अन् माझा हात धरून बसली. धुरानं बाहेर सगळं पिवळं दिसत होतं. 

गुरुवारी दुपारी धूर गेला अन् आभाळ हिरवं झालं. हिरवं आभाळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. गावाचा वादळाचा भोंगा वाजाले लागला. राकेश, सुवर्णा कामावर. आमच्या घराले तळघर नाही, आर्डिसबाईच्या घराले आहे. ती दारात उभी राहून हात हलवत होती, या, या! मी अन् हर्षिता पळालो. जिना उतरत नाही तर वर गारा. लिंबाएवढ्या. पत्र्यावर कोणी गोटे फेकल्यासारखं.

तळघरात एका भिंतीले मांडणी. खाली काकडीच्या लोणच्याच्या बरण्या, अन् वर वह्या. एकसारख्या, निळ्या पाठीच्या. सदतीस वर्षांच्या. मी हात नाही लावला, नुसतं पाहिलं. तिनंच पहिली वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. मले वाचता येत नाही, पण शून्य ओळखू येते. पानभर शून्य. उलटलं, पुन्हा शून्य. शून्य, शून्य, शून्य.

वर गारा वाजत होत्या अन् ती सांगत होती, हर्षिता मले मराठीत सांगे. त्या साली पाऊसच पडला नाही. गहू बोटभर वाढून वाळला. तेव्हा आर्डिसबाईनं मोजाले सुरू केलं. तिचा नवरा लॉइड चिडवे, "पडतच नाही तर रोज कायले जातेस बाहेर? मी इथूनच सांगतो, शून्य!" ती म्हणे, "पाहून लिहिलेलं शून्य वेगळं." पहाटे गाई पाहून ती सातला नळीपाशी जाई. पुढं पोरीचं बाळंतपण आलं, स्वतःचं ऑपरेशन आलं, तर लॉइडनं मोजून तिले फोनवर सांगितलं. चिडवणारा माणूस, पण एक दिवस चुकवला नाही त्यानं.

मग तिनं दुसरी एक वही काढली. एका चौकोनावर बोट ठेवलं. शून्यच होतं. "हा लॉइड गेला तो दिवस," म्हणाली. "पहाटे चारला गेला. सातला मी बाहेर आली. दुसरं काय करावं सुचलं नाही."

तेव्हा मले समजलं मी काय रिकामं केलं होतं.

शुक्रवारी सकाळी थंडी! जुलै महिन्यात मी स्वेटर घातलं. गवतावर फाटकी पानं पडलेली, पण नळी शाबूत होती. सातला आर्डिसबाई आली, मोजलं, लिहिलं. पण नळी उलटी केली नाही. माझ्या खिडकीकडं पाहून हात केला, ये. अन् पाणी पिल्यासारखं दाखवलं, म्हणजे गडवा घेऊन ये.

हर्षितानं सांगितलं, "आजी, त्या तुझी टेस्ट घेणार आहेत."

"घेऊ दे. कशी?"

"आत्ताचं पाणी गडव्यात ओत, बघ, सांडून टाक. मग रस्त्याच्या टोकापर्यंत चालून ये. आल्यावर आठवणीनं तेवढंच पाणी भर. त्या ते नळीत मोजतील."

मी ओतलं, पाहिलं, कुंडीले घातलं. शाल गुंडाळून रस्त्याच्या टोकाले जाऊन आली. भरलं. आर्डिसबाई गुडघ्यावर बसून मोजे, कारण डोळा पाण्याच्या रेषेत पाहिजे. दोन काड्यांचा फरक. नळीवर बारीक काड्या आहेत, इंचाचे शंभर भाग, त्यातल्या दोन.

 मग ती घरात गेली, पाठ करून नळाखाली नळी भरली, आणून दिली. पुन्हा तसंच. मी टोकाले जाऊन आली, भरलं. या वेळी काडीचाही फरक नाही. हर्षितानं टाळ्या वाजवल्या. "गप," म्हटलं, "अजून आहे."

तिसऱ्या वेळी मी ओतून पाहतच होती, तर वाऱ्यानं आमच्या दोरीवरची चादर उडाली अन् थेट सडकेवर. मी अन् हर्षिता धावलो, घाईत गडवा सांडला. चादर धरून आलो तर गडव्यात किती होतं, ते डोळ्यापुढं येईना. आर्डिसबाई नळी धरून उभी. हर्षिता कानात म्हणे, "आजी, अंदाजे भर ना. आधीपेक्षा थोडं कमी होतं, आय थिंक."

मी गडवा उपडा ठेवला. म्हटलं, "तिले सांग, मले नाही आठवत. या वेळचं मालूम नाही."

हर्षितानं पडेल आवाजात सांगितलं. आर्डिसबाई माझ्याकडं पाहत राहिली. मग नळी खांबाले लावली, वही काखेत मारली अन् आत गेली. दार लागलं.

"नापास," हर्षिता म्हणे.

"असू दे. खोटं भरून पास होण्यापेक्षा बरं."

शनिवार सगळा ढगाळ, पण थेंब पडला नाही. सातला ती आली, मोजून गेली, हात वर केला, पण बोलाले थांबली नाही. दिवसभर तिच्या घरातला दिवा तेवढा दिसे. राकेशनं केक आणला होता, तो तसाच राहिला. मी म्हटलं, नको नेऊ, तिले विचार करू दे. मी मात्र दोनदा गडव्यात पोच्यापर्यंत पाणी भरून पाहिलं. तेवढंच होतं. केस जाईल इतकी फट सोडून, तेवढंच.

रविवारी ऊन पडलं. असं ऊन, की नुकतंच आंघोळ करून आलेलं. ढग नाही, धूर नाही, वारा नाही. मी सांबाराले पाणी घालत होती. सात वाजले. आर्डिसबाई आली. रोजचा शर्ट नव्हता, इस्त्रीचा, बाहीले बटणं लावलेला. चर्चले जायचं होतं तिले. आमच्या दारात जाऊन हर्षिताले हाक मारली. मग माझ्यापुढं येऊन उभी राहिली अन् गडव्याकडं बोट केलं.

"मंगळवारचं भरा, म्हणतात," हर्षिता म्हणाली.

"पण मी तर नापास झाली!"

हर्षितानं विचारलं. आर्डिसबाईनं मान हलवली अन् सावकाश सांगितलं. हर्षिता म्हणे, "त्या म्हणतात, तिसऱ्या वेळी रत्नानं काहीही भरलं असतं तर मी लिहिलं नसतं. पण ती म्हणाली, मालूम नाही. म्हणून जे मालूम आहे म्हणते, ते लिहिते."

 घरात जाऊन गडवा पाण्यानं भरला, मग हळूहळू कमी केला, पोच्याच्या खालच्या काठापर्यंत, केस जाईल इतकी फट. बाहेर आणला. आर्डिसबाईनं त्या दिवसाचं आधी पाहून घेतलं, नळी कोरडी होती. मग झाकण लावलं. मी ओतलं. नळी काठोकाठ भरली अन् उरलेलं बाहेरच्या नळकांड्यात सांडलं. मंगळवारी होतं तस्संच. तिनं गुडघे टेकले, इस्त्रीच्या कपड्यांनिशी दवानं ओल्या गवतावर. भरलेली नळी मोजली, गडव्यात ओतली. सांडलेलं नळीत भरून मोजलं. दोनदा मोजलं.

"एक पॉइंट तीन आठ," हर्षिता म्हणे. "आजी, जवळजवळ दीड इंच!"

आर्डिसबाईनं वही उघडली. मंगळवारचा चौकोन पांढरा होता, पाच दिवस तसाच ठेवला होता तिनं. त्यात आकडा लिहिला. बाजूले शेरा लिहायची जागा असते, तिथं पण काही लिहिलं. मी हर्षिताले म्हटलं, वाच.

"लिहिलंय, शेजारणीनं गडव्यानं मोजलं, पोच्यापर्यंत. गडव्याचं स्पेलिंग मला विचारलं त्यांनी."

 दादारावनं पाडलेला पोचा, अन् अमेरिकेच्या हवामानाच्या वहीत गेला.

मले वाटलं झालं. पण तिनं वही मिटली नाही. रविवारचा चौकोन दाखवला, अन् पेन माझ्या हातात दिलं.

"मी?" म्हटलं. "मले कुठं लिहिता येते?"

आर्डिसबाईनं स्वच्छ आभाळाकडं बोट केलं, नाही म्हणून मान हलवली अन् हवेत गोल काढला. तेवढं मले समजलं. पेन धरायची सवय नाही, हर्षितानं बोटं बसवून दिली. चौकोन एवढासा. मी श्वास धरून शून्य काढलं. जरा लांबट झालं, अंड्यासारखं, अन् वर तोंड नीट जुळलं नाही. आर्डिसबाईनं चष्मा वर करून पाहिलं, म्हणाली, "गुड." पुसलं नाही, दुरुस्त केलं नाही. वही काखेत घेतली अन् चर्चले निघाली. गाडीपाशी जाऊन वळली, दोन बोटं वर केली. आजपासून दोन दिवस, म्हणजे मंगळवार. ताटल्या उलट्या करायचं दाखवलं, मग नळीकडं बोट करून जोरजोरात मान हलवली, ते नाही, ते नाही!

हर्षिता गवतावर लोळून हसली. मी गडवा उचलला, मोजलेलं पाणी त्यातच होतं, ते सांबाराले घातलं.